बोटीवरची पिण्याच्या पाण्याची जुनी टाकी: उघडण्यापासून पहिला ग्लास भरेपर्यंत

खानदेशात बोट म्हटलं की बाहेरच्या माणसाला हसू येतं. केळी, कापूस आणि ४५ अंशांच्या उन्हाळ्याच्या मुलखात बोट कुठली? पण उकाई धरणाचा फुगवटा, म्हणजे मागे साठलेलं पाणी, नवापूरच्या अंगाला येऊन टेकलेलं आहे. प्रकाशा-सारंगखेड्याला बॅरेजमुळे तापी तुंबून राहते. चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर नावा चालतात. आणि सरदार सरोवराच्या पाण्यात अक्कलकुवा-धडगावची ३३ गावं सापडली, तेव्हापासून मणिबेली, चिमलखेडी, भादल या पट्ट्यात बोट ही हौस राहिलेली नाही. तिथे किराणा बोटीने जातो, शिक्षक बोटीने जातात, दवाखानासुद्धा बोटीवर फिरतो.

या बोटींवर आणि बार्जवर (सपाट तळाच्या मालवाहू नौकांवर) पिण्याच्या पाण्याची टाकी असते. बहुतेक वेळा बाकाखाली किंवा इंजिनाच्या पुढच्या कप्प्यात, २०० ते ५०० लिटरची, आणि बसवल्यापासून कोणी उघडलेली नसते. तुम्ही जुनी बोट घेतली असेल किंवा बोटीवर नव्याने कामाला लागला असाल, तर ही टाकी आता तुमच्या गळ्यात आहे. नव्या माणसाची पहिली उडी ठरलेली: पाण्याला वास येतोय ना, मग टाक टीसीएल, म्हणजे क्लोरीनवाली ब्लिचिंग पावडर. शिरपूरकडचे एक वयस्कर मिस्तरी यावर अहिराणीत एवढंच म्हणतात, "भाऊ, आधी टाकीमा देख, मंग औषध टाक." क्लोरीन मळावर खर्च होतो. तळाला बोटभर गाळ आणि भिंतींना बुळबुळीत थर असेल, तर तुम्ही टाकलेलं औषध तो मळच पिऊन टाकतो आणि खालचे जंतू शाबूत राहतात. म्हणून आधी घासणं, मग औषध.

कधी करायचं

नर्मदेच्या फुगवट्यात पावसाळ्यानंतर धरण भरतं आणि उन्हाळ्यात पाणी उतरत जातं. मे महिन्यात बोट काठाला ओढून डागडुजी करण्याची पद्धत आहेच, टाकीचं मोठं काम तेव्हाच उरकून घ्या. दुसरी सफाई दिवाळीच्या आसपास, पावसाळ्यातलं गढूळ पाणी टाकीतून जाऊन आल्यावर. उन्हाळ्यात हे काम पहाटे सुरू करा. दुपारी लोखंडी बार्जच्या पोटात माणूस भाजून निघतो, आणि क्लोरीनही उन्हात पटकन उडतो.

टाकी कशाची आहे?

हे कळल्याशिवाय कशालाच हात लावू नका, कारण पुढची प्रत्येक गोष्ट यावर ठरते.

प्लास्टिकची टाकी सगळ्यात सोपी. गंजत नाही, क्लोरीननेही बिघडत नाही. तिची खोड एकच: पांढरी किंवा निळसर, उजेड आत जाणारी असेल तर आत शेवाळ धरतं. अशा टाकीला बाहेरून गडद रंग द्या किंवा जाड गोणपाटात गुंडाळा.

स्टीलची टाकी दिसायला मजबूत, पण तीव्र क्लोरीन तिच्यात फार वेळ ठेवलं तर सांध्यांपाशी बारीक खड्डे पडतात. तिथूनच पुढे गळती लागते. ॲल्युमिनियमचं त्याहून वाईट, ते क्लोरीन आणि आम्ल दोन्हींना बिचकतं.

लोखंडी टाकी, म्हणजे बार्जच्या बांधणीतच वेल्डिंग करून काढलेला कप्पा, हे खरं डोकेदुखीचं प्रकरण. आतला रंग कोणता आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. जुन्या लोखंडी कामावर केशरी-लाल रंगाचा हात दिसला तर तो शेंदरी प्रायमर, म्हणजे शिशाचा असू शकतो. तो खरवडायच्या भानगडीत पडू नका. त्या धुळीतलं शिसं श्वासाने पोटात जातं. सरळ तो कप्पा पिण्याच्या पाण्यासाठी बंद करा आणि वर वेगळी प्लास्टिकची टाकी बसवा.

आणि निळा ड्रम. लहान नावांवर सर्रास दिसतो, कुठल्यातरी कारखान्यातून जुन्या भावात आलेला. आधी त्यात काय होतं याचा पुरावा नसेल तर तो पिण्याच्या पाण्याला वापरू नका. धुऊन, उन्हात ठेवून, गरम पाण्याने खळाळूनही प्लास्टिकमध्ये मुरलेलं रसायन निघत नाही. डिझेलचंही तसंच. प्लास्टिकच्या टाकीला एकदा डिझेलचा वास लागला की ती टाकी गेली असं समजा.

सामान

लांब दांड्याचा नायलॉनचा ब्रश, स्पंज, दोन स्वच्छ बादल्या, एक मग, डोक्याला लावायची बॅटरी, रबरी हातमोजे, डोळ्यांवर चष्मा. तळाचं पाणी ओढायला हातपंप किंवा ओलं-कोरडं ओढणारा व्हॅक्यूम. खाण्याचा सोडा आणि लिंबूसत्त्व किराणा दुकानात मिळतं. टीसीएल ताजी आणि बंद पिशवीतली घ्या. भांडी घासायचा लोखंडी काथ्या मात्र घरीच ठेवा. त्याचे कण स्टीलच्या टाकीत अडकतात आणि महिन्याभरात तिथे गंजाचे ठिपके उमटतात.

रिकामी करणं आणि उघडणं

पहिलं काम नळांना लाल फडकं बांधायचं. "पाणी पिऊ नका" असं लिहिलं तरी बोटीवर चढणाऱ्या प्रत्येकाला वाचता येतंच असं नाही, आणि तहानलेला माणूस पाटी वाचत बसत नाही. पंपाची वायर बॅटरीवरून काढा.

पाणी शक्यतो खालच्या नळातून किंवा नळी काढून सोडा. टाकीतलं सगळं पाणी पंपातून ओढलं तर तळाचा गाळ पंपाच्या पडद्यात जाऊन बसतो आणि सफाईऐवजी पंपदुरुस्ती करावी लागते.

झाकण उघडलं की लगेच डोकं आत घालू नका. ही सूचना लोखंडी कप्प्यासाठी तर फारच महत्त्वाची. बंद लोखंडी टाकीत गंज चढतो तेव्हा तो आतल्या हवेतला प्राणवायू खात असतो. बाहेरून टाकी रिकामी, कोरडी, निरुपद्रवी दिसते आणि आत उतरलेला माणूस दोन श्वासांत कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही. माणूस आत जाईल एवढी मोठी टाकी असेल तर सगळी झाकणं दिवसभर उघडी ठेवा, पंख्याने हवा आत ढकला, आणि बाहेर एक माणूस उभा असल्याशिवाय कोणीही उतरायचं नाही. याबाबत घाई करणाऱ्या मालकाचं ऐकू नका.

लहान टाकीत फक्त हात घालायचा असतो. हात जाईल एवढं झाकणच नसेल, तर वरच्या सपाट बाजूला भोक पाडून स्क्रूचं झाकण बसवून घ्या. प्लास्टिकच्या टाकीत हे काम कुठलाही चांगला मिस्तरी करून देतो. हा खर्च टाळण्यासारखा नाही, कारण झाकणाविना टाकी कधीच साफ होत नाही, फक्त खळाळली जाते.

आता गाळ बघा. चिमूटभर काढून बोटात चोळा. खरखरीत लागला तर वाळू किंवा क्षार. लाल पावडरीसारखा बोटं रंगवत असेल तर गंज. मऊ, शेवळट, दोन बोटांमध्ये ताणल्यावर तार सुटणारा असेल तर तो जिवाणूंचा थर, आणि तोच सगळ्यात चिवट. पाण्याला सडक्या अंड्याचा वास येत असेल तर गाळाखाली हवा न पोचणाऱ्या जागी जिवाणू वाढलेले आहेत. फक्त औषध ओतून हा वास चार दिवस जातो आणि पाचव्या दिवशी परत येतो.

घासणं

सगळा वेळ इथे जाऊ द्या. आधी गाळ मगाने आणि स्पंजाने बाहेर काढा, पाण्याने ढकलत बसू नका. मग कोमट पाण्यात खाण्याचा सोडा, बादलीला मूठभर, आणि ब्रशने भिंती, छत, कोपरे. छत विसरलं जातं, पण बोट हलते तेव्हा पाणी छतालाही लागतं आणि तिथला दमट पट्टा सगळ्यात बुळबुळीत असतो.

बोटीच्या टाकीत घरच्या टाकीपेक्षा एक गोष्ट वेगळी असते. पाणी हिंदकळू नये म्हणून आत उभ्या पट्ट्या घातलेल्या असतात. या पट्ट्यांच्या मागे गाळ साठतो आणि झाकणातून तो दिसत नाही. मोबाइलचा कॅमेरा व्हिडिओवर लावून, बॅटरी चालू करून, हात आत घालून सावकाश फिरवा, मग बाहेर काढून व्हिडिओ बघा. पट्टीच्या मागचा कोपरा, पाणी बाहेर जाण्याच्या नळीचं तोंड आणि झाकणाच्या रबराखालची खाच या तीन जागा बघितल्याशिवाय टाकी साफ झाली म्हणू नका. पट्टीपलीकडे हात पोचत नसेल तर काठीला स्पंज बांधा, किंवा त्या कप्प्याला दुसरं झाकण करून घ्या.

साबण, धुण्याची पावडर नको. फेस निघता निघत नाही आणि पुढे आठवडाभर चहाला साबणाची चव येते.

खानदेशातलं बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं. असं पाणी भरत आलेल्या टाकीला पांढरा, दगडासारखा थर चढतो. त्यावर लिंबूसत्त्व चालतं: लिटरभर कोमट पाण्यात साधारण ३० ते ५० ग्रॅम, फडक्याने थरावर थापायचं, अर्धा-एक तास ठेवून घासायचं. ॲल्युमिनियमला हे लावू नका. फरशी साफ करायचं ॲसिड तर कुठल्याच टाकीत नको.

लिंबूसत्त्वाचं काम झालं की टाकी तीन-चार वेळा स्वच्छ पाण्याने धुवा, मगच टीसीएल आणा. आम्ल आणि टीसीएल एकत्र आले की क्लोरीनचा वायू सुटतो, आणि बोटीच्या बंदिस्त पोटात तो छातीत भरायला फार वेळ लागत नाही. संडास साफ करायचं औषध, व्हिनेगर, लिंबू यांतलं काहीही टीसीएलच्या बादलीजवळ आणू नका.

लोखंडी टाकीचा रंग पिण्याच्या पाण्यासाठीचाच आहे अशी खात्री असेल आणि फक्त गंजाचे पापुद्रे असतील, तर ते तारेच्या ब्रशने काढा आणि हातोडीने पत्रा हलकेच ठोकत फिरा. भक्कम पत्रा खणखणतो, पोखरलेला बद्द वाजतो. पोखरलेल्या पत्र्याला रंग लावून काही मिळत नाही. रंग द्यायचाच असेल तर पिण्याच्या पाण्याच्या टाकीसाठीचा इपॉक्सी, आणि डब्यावर लिहिलेले सगळे दिवस तो वाळू द्यायचा. पावसाळ्याच्या तोंडावर हे काम काढू नका, दमट हवेत तो नीट पकडत नाही.

आता टीसीएल

ताज्या टीसीएलमध्ये ३० ते ३५ टक्के क्लोरीन असतो. पिशवी उघडी राहिली, ऊन-दमट हवा लागली की तो उडून जातो. गावच्या ग्रामपंचायतीत २० टक्क्यांच्या खालची पावडर पाण्याला वापरण्याजोगी धरत नाहीत, तोच नियम बोटीलाही लावा. हिशेबाला आपण २५ टक्के धरू.

टाकी निर्जंतुक करायला लिटरमागे ५० मिलिग्रॅम क्लोरीन लागतो. म्हणजे १०० लिटरला २० ग्रॅम टीसीएल, २०० लिटरच्या टाकीला ४० ग्रॅम. पावडरऐवजी ५ टक्क्यांचं पातळ हायपोक्लोराइट असेल तर १०० लिटरला १०० मिलिलिटर, पण त्यात सुगंध किंवा रंग मिसळलेला नसावा.

पावडर थेट टाकीत टाकू नका. प्लास्टिकच्या बादलीत, उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून आधी थोड्या पाण्यात कालवा, मग बादली भरून ढवळा आणि अर्धा तास निवांत ठेवा. चुन्याचा पांढरा साका तळाला बसतो. वरचं निवळ पाणीच टाकीत ओता. साका आत गेला तर तुम्ही नुकताच काढलेला पांढरा थर स्वतःच्या हाताने परत भरताय.

टाकी गळ्यापर्यंत भरा, मग पंप जोडून प्रत्येक नळ उघडा. क्लोरीनचा वास येईपर्यंत पाणी वाहू द्या आणि बंद करा. कोळशाची फिल्टरकांडी असेल तर ती आधीच काढून ठेवा, नाहीतर सगळा क्लोरीन तीच गिळते. प्लास्टिक किंवा फायबरच्या टाकीत हे पाणी रात्रभर ठेवा. स्टीलला चार तास पुरे, त्याहून जास्त नको. ॲल्युमिनियमला मी तीव्र क्लोरीन लावतच नाही. नीट घासून, उकळत्या पाण्याने धुऊन, पुढे रोजच्या सौम्य मात्रेवर भागवतो.

हे पाणी सोडताना फुगवट्यात सोडू नका. एवढा क्लोरीन माशांना मारक आहे, आणि काठाजवळच कुणाचं तरी जाळं लावलेलं असतं. काठावर पाण्यापासून लांब, उघड्या जमिनीवर ओता. नंतर टाकी आणि नळ्या दोन-तीनदा साध्या पाण्याने धुवा.

उरलेली टीसीएल बोटीवर ठेवायचीच असेल तर घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, इंजिनापासून लांब. डिझेल, ऑइल, ग्रीसचा बोळा यांच्याशी तिची गाठ पडली तर ती तापते, पेटूही शकते.

नळ्या आणि हवेची वाट

टाकी चकचकीत आणि नळी आठ वर्षं जुनी, असं असेल तर नळातून येणारं पाणी नळीच्या लायकीचंच येणार. नळी एका टोकाने काढा आणि आत बोट फिरवा. बुळबुळ लागली तर नळी बदला, धुवत बसू नका. बागेची हिरवी नळी पिण्याच्या पाण्याला नको, तिची चव पाण्यात उतरते. जळगावात पाइपांचा तोटा नाही, खाद्य दर्जाची नळी मागून घ्या.

टाकीला हवा आत-बाहेर जायला एक बारीक नळी असते. तिचं तोंड उघडं असेल तर डास, मुंग्या, कुंभारमाशी सगळे तिथूनच येतात. तोंड खाली वळवा आणि बारीक जाळी बांधा.

पाणी भरताना

जुन्या टाक्या बहुतेक वेळा भरण्याच्या तोंडातून खराब होतात, त्यामुळे इथे कडक राहा. डिझेलचं आणि पाण्याचं तोंड शेजारी असेल तर पाण्याच्या झाकणाला निळा आणि डिझेलच्या झाकणाला लाल रंग मारा, अंधारातही हाताला कळेल अशी एखादी खूणही करा. भरायची नळी वेगळी, दोन्ही तोंडांना फडकं बांधून वर टांगलेली. ती काठावरच्या चिखलात लोळली की झालं.

बोट पाण्यावर उभी आहे म्हणून खालचं पाणी टाकीत ओढायचं नाही. भरवशाच्या हातपंपाचं किंवा गावच्या योजनेचं पाणी भरा. नदीचंच भरायची वेळ आली तर आधी पिंपात तुरटी फिरवून निवळू द्या, चौपदरी फडक्याने गाळा, मग टाकीत. गढूळ पाण्यात क्लोरीन वाया जातो.

टाकी पूर्ण भरल्यावर बोट कुठल्या अंगाला कलते तेही बघा. २०० लिटर म्हणजे २०० किलो, तीन माणसांचं वजन एका बाजूला. टाकीचे पट्टे सैल असतील तर आताच आवळा.

रोजची मात्रा आणि तपासणी

एक लिटर पाण्यात ४० ग्रॅम टीसीएल कालवून, निवळून, गडद बाटलीत भरून ठेवा. हे साधारण एक टक्क्याचं द्रावण होतं. स्वच्छ पाण्याला १०० लिटरमागे यातलं २० मिलिलिटर घाला आणि अर्धा तास थांबून मगच नळ उघडा. द्रावण उन्हाळ्यात लवकर कमजोर होतं, दोन-तीन दिवसांनी नवं करा.

मात्रा पुरली का हे अंदाजाने सांगता येत नाही. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक करतो ती ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्ट तुम्हीही करू शकता, तिने पाण्यात उरलेला क्लोरीन कळतो. नळीत पाणी घेऊन थेंब टाकले की पिवळा रंग येतो, तो पट्टीशी जुळवायचा. उरलेला क्लोरीन लिटरला ०.२ मिलिग्रॅमच्या खाली उतरला तर मात्रा वाढवा. तपासलेलं पाणी टाकीत परत ओतू नका, ते औषध पोटात जाण्यासारखं नाही. मे महिन्यात सकाळी बरोबर असलेली मात्रा संध्याकाळी शून्यावर आलेली असते, तेव्हा दिवसातून दोनदा बघा.

सफाई खरंच झाली का याची परीक्षा वेगळी. आधी तपासलेलं चांगलं पाणी टाकीत भरा, क्लोरीन न घालता रात्रभर ठेवा, आणि सकाळी नळाचं तोंड पुसून एचटूएस बाटलीत (पाण्यात घाणीचे जिवाणू असले तर काळी पडणारी तपासणीची बाटली) खुणेपर्यंत नमुना घ्या. त्या दिवशी नळांचं लाल फडकं सोडायचं नाही. बाटली दोन दिवस सावलीत, खोलीच्या उबेला ठेवा. पाणी काळं पडलं तर टाकीत किंवा नळीत मळ शिल्लक आहे. आधी नळ्या बदला, पट्ट्यांच्या मागे परत घासा, टीसीएल परत भरा आणि नवी बाटली लावा. दुसऱ्यांदाही काळी झाली तर नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाठवा आणि तोपर्यंत बोटीवर उकळलेल्या पाण्याचे जार ठेवा. तिथूनही नकार आला तर टाकी काढून टाका. नवी घेताना काळी, तळाला उतार आणि सगळ्यात खाली चावी असलेली, आणि कोपरापर्यंत हात आत जाईल एवढ्या झाकणाचीच घ्या.